थोरल्याची ॲलर्जी आणि धाकटीचे डोस

पत्र :

डॉक्टर, माझा मुलगा चार वर्षांचा आहे. तीन महिन्यांचा असताना त्याच्या गालांवर लाल चट्टे आले, मग कोपरांच्या घडीत आणि गुडघ्यांच्या मागे. दवाखान्यात सांगितलं, इसब आहे. वर्षाचा झाल्यावर अंडं दिलं तर तोंडाभोवती आणि पाठीवर गांधी उठल्या. दुसऱ्या वर्षापासून सर्दी झाली की छातीत घरघर सुरू होते, पंप द्यावा लागतो. आता मला मुलगी झाली आहे, पाच आठवड्यांची. जन्मावेळच्या लसी दवाखान्यातच दिल्या. पुढच्या आठवड्यात दीड महिन्याचे डोस आहेत, आशाताई घरी येऊन सांगून गेल्या. पण सासूबाई म्हणतात, थोरल्याला दीड महिन्याचं आणि अडीच महिन्यांचं इंजेक्शन दिलं, तिथूनच हे त्याच्या अंगात शिरलं. मोठ्या जाऊबाईंच्या मुलाला एकही इंजेक्शन दिलेलं नाही, तो ठणठणीत आहे. नणंदेने एक व्हिडिओ पाठवला आहे. लसींमधल्या ॲल्युमिनियममुळे दमा होतो, असं त्यात एका अमेरिकन अभ्यासाचा दाखला देऊन सांगितलंय. ह्यांना लहानपणी बाळदमा होता. ते म्हणतात, तू ठरव. मला रात्र रात्र झोप लागत नाही. डोस दोन वर्षांची झाल्यावर दिले तर चालेल का? निदान सरकारीऐवजी खासगीतली महाग लस घेऊ का? आणि थोरल्याचा पाच वर्षांचा बूस्टर जवळ आलाय, त्याचं काय करू?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई, आधी उत्तर सांगते, कारणं नंतर. धाकटीला पुढच्या आठवड्यात डोस द्या. ठरलेल्या दिवशी द्या, आणि सगळे द्या. थोरल्याचा इसब, अंड्याची ॲलर्जी, छातीतली घरघर यांतलं काहीही लसींमुळे आलेलं नाही. तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून मी हे लिहीत नाही. हा प्रश्न गेली तीस वर्षं जगातल्या कितीतरी देशांत अगदी याच शब्दांत विचारला गेला आहे, आणि त्याची उत्तरं शोधणाऱ्यांनी लाखो मुलं तपासली आहेत.

सासूबाईंना जे दिसलं ते मात्र खोटं नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाची, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरच्या एकत्र लसीची, इंजेक्शनं झाली आणि त्याच सुमारास गालांवर चट्टे आले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. अडचण अशी की इसब ज्या मुलांना व्हायचा असतो त्यांतल्या बहुतेकांना तो पहिल्या वर्षातच होतो, आणि पुष्कळदा तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात. तो गालांवर सुरू होतो आणि मूल मोठं होईल तसा कोपर-गुडघ्यांच्या घड्यांत उतरतो. त्यातल्या काही मुलांना पुढे अंडं, दूध किंवा दाणे सोसत नाहीत, काहींना दोन-तीन वर्षांची असताना छातीत घरघर होते, शाळेच्या वयात शिंकांची सर्दी लागते. तुमच्या पत्रातला क्रम नेमका हाच आहे. लसींचे दिवसही त्याच महिन्यांत येतात, कारण डांग्या खोकल्यासारख्या आजारांपासून सर्वांत जास्त धोका त्याच वयाला असतो. दात येतात त्याच महिन्यांत मूल रांगायला लागतं, पण रांगण्यामुळे दात आले असं आपण म्हणत नाही.

आणि पत्रातलं एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, माझी नजर मात्र तिथेच थांबली. ‘ह्यांना लहानपणी बाळदमा होता.’ आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला दमा, इसब किंवा ॲलर्जीची सर्दी असली की मुलाला यांपैकी काहीतरी होण्याची शक्यता बरीच वाढते. आजार जसाच्या तसा उतरतो असं नाही. उतरतो तो कल. वडिलांना दमा आणि मुलाला इसब, असंही होतं. काही कुटुंबांत त्वचेचं वरचं आवरण घट्ट ठेवणारं एक प्रथिन जन्मतःच कमी तयार होतं. या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातले दोष आणि इसब यांचा संबंध २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी उघड केला. तुमच्या मुलात तोच दोष आहे असं मी म्हणत नाही. पण थोरल्याच्या आजाराचं मूळ शोधायचंच असेल तर ते लसीच्या कार्डावर नाही, घराण्यात सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. म्हणून ह्यांना दोष देऊ नका, स्वतःलाही नको. तुम्ही त्याला डोस दिलेत ते योग्यच केलंत.

आता स्वीडनची गोष्ट सांगते, कारण या प्रश्नावर इतका स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे दिसत नाही. डांग्या खोकल्याच्या लसीवरच दम्याचा आळ सर्वांत जास्त आला आहे. आणि स्वीडनने १९७९ मध्ये ही लस देणं थांबवलं होतं, कारण तिथली लस पुरेशी परिणामकारक राहिली नव्हती आणि तिच्या दुष्परिणामांबद्दल शंका होत्या. ती नव्या रूपात १९९६ मध्ये परत आली. मधली सतरा वर्षं तिथली बाळं घटसर्प-धनुर्वाताची लस घेत होती, डांग्या खोकल्याची नाही. लस हे कारण असतं तर या काळात ॲलर्जी कमी व्हायला हवी होती. गोटेबर्ग आणि दूर उत्तरेचं किरुना, या दोन ठिकाणच्या सात वर्षांच्या शाळकरी मुलांची १९७९ मध्ये आणि पुन्हा १९९१ मध्ये पाहणी झाली. १९७९ ची मुलं लसीच्या काळात जन्मलेली, १९९१ ची मुलं लस बंद असताना जन्मलेली. दुसऱ्या खेपेला दमा, ॲलर्जीची सर्दी आणि इसब हे तिन्ही वाढलेले निघाले. इसब तर दुपटीहून जास्त. त्याच काळात डांग्या खोकल्याच्या साथीही परतल्या, तान्ही बाळं रुग्णालयात भरती होऊ लागली.

लस बंद असल्यामुळेच तिथे पुढे एक चाचणी करता आली, जी आज कुठेही करणं नीतीला धरून होणार नाही. नव्या लसी तपासताना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बाळांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत विभागलं. काहींना डांग्या खोकल्याची लस मिळाली, काहींना फक्त घटसर्प-धनुर्वाताची. कोणत्या बाळाला काय मिळणार हे आईवडिलांनी ठरवलं नाही, डॉक्टरांनीही नाही, त्यामुळे घरची श्रीमंती, शिक्षण, आजीचा कल यांतलं काहीही एका बाजूला झुकलं नाही. यातली ६६९ मुलं अडीच वर्षांची होईपर्यंत ॲलर्जीसाठी पाहिली गेली. हे निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आले. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ॲलर्जीच्या आजारांचं प्रमाण सारखंच होतं. उलट ज्यांना प्रत्यक्ष डांग्या खोकला झाला त्या मुलांत दमा जास्त दिसला.

जर्मनीतूनही असंच काहीतरी पुढे आलं, आणि तेही कुणाच्या ध्यानीमनी नसताना. बर्लिनची भिंत १९८९ मध्ये पडल्यावर म्युनिकच्या बालरोगतज्ज्ञ एरिका फॉन म्यूटियस यांनी पूर्व आणि पश्चिम जर्मनीतल्या शाळकरी मुलांची तुलना केली. पूर्वेकडच्या लाइपझिगची हवा कोळशाच्या धुराने काळवंडलेली, तेव्हा दमा आणि ॲलर्जी तिथेच जास्त असणार अशी अपेक्षा होती. निघालं नेमकं उलटं. पूर्वेकडच्या मुलांना खोकला-ब्राँकायटिस जास्त होता, पण ॲलर्जीची सर्दी आणि ॲलर्जीची प्रवृत्ती पश्चिमेपेक्षा खूप कमी होती. आणि पूर्व जर्मनीत लसीकरण कायद्याने सक्तीचं होतं, क्षयावरची बीसीजी लस जन्मल्यावर लगेच टोचली जायची. पश्चिमेत लसी ऐच्छिक होत्या. म्हणजे जिथे लसी सक्तीच्या, तिथे ॲलर्जी कमी. पुढे १९९५-९६ मध्ये लाइपझिगच्या मुलांना पुन्हा तपासलं तर ॲलर्जीची सर्दी वाढलेली होती. ही मुलंही जुन्या पूर्व जर्मनीतच जन्मलेली आणि तिथल्याच लसी घेतलेली. बदललं होतं ते त्यांचं राहणं, खाणं, घर. लसींमुळे ॲलर्जी कमी झाली असाही अर्थ मी यातून काढणार नाही. एवढंच की लस हे कारण मानलं तर या दोन देशांची गोष्ट कुठूनच जुळत नाही.

जाऊबाईंचा मुलगा ठणठणीत आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. तो तसाच राहो. पण एका मुलावरून काही ठरत नाही, तेवीस मुलांवरूनही ठरत नाही. तेवीस हा आकडा मी मुद्दाम घेतला आहे. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात १९७७ मध्ये जन्मलेल्या १,२६५ मुलांचा अनेक वर्षं अभ्यास झाला. त्यात घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताची त्रिगुणी लस आणि पोलिओचे डोस अजिबात न घेतलेली मुलं फक्त २३ होती, आणि दहा वर्षांची होईपर्यंत त्यांतल्या एकाच्याही नावावर दम्याची नोंद नव्हती. लस घेतलेल्यांत जवळपास चौथ्या हिश्श्याच्या मुलांना दम्याचा त्रास होऊन गेला होता. लसीविरोधी व्हिडिओंत हा अभ्यास आजही फिरतो. पण जे आईवडील मुलाला लसीसाठी दवाखान्यात नेत नाहीत, ते बहुधा घरघरीसाठीही नेत नाहीत. घरीच काढा, शेक, वाफ चालते. मग दम्याची नोंद होणार कुठून? शिवाय २३ मुलांत योगायोगाला खूप वाव असतो. याच्यापेक्षा कितीतरी मोठा अभ्यास जर्मनीत झाला. तिथे तेरा हजारांहून जास्त मुलामुलींची तपासणी होऊन २०११ मध्ये निष्कर्ष आले. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ॲलर्जीचं प्रमाण वेगळं नव्हतं. न घेतलेल्यांत फरक पडला तो एवढाच की गोवर, डांग्या खोकला, गालगुंड असले आजार त्यांना जास्त झाले होते.

नणंदेने पाठवलेल्या व्हिडिओबद्दल मला सावकाश लिहायचं आहे, कारण त्यातला अभ्यास खरा आहे. ‘सगळं खोटं आहे, दुर्लक्ष करा’ एवढंच म्हटलं तर ते तुमच्या प्रश्नावर अन्याय केल्यासारखं होईल. काही लसींत ॲल्युमिनियमचे क्षार अगदी थोड्या प्रमाणात घालतात, कारण त्यामुळे शरीर लसीला नीट प्रतिसाद देतं. आपल्याकडच्या पेंटामध्ये आणि न्यूमोनियापासून वाचवणाऱ्या न्यूमोकोकलमध्ये ते असतं. पोलिओचे थेंब, जुलाबांवरची रोटा, बीसीजी, गोवर-रुबेला यांत नसतं. अमेरिकेत सुमारे ३ लाख २७ हजार मुलांच्या नोंदी पाहून २०२२ मध्ये एक निबंध आला. ज्या मुलांना दोन वर्षांपर्यंत लसींमधून जास्त ॲल्युमिनियम मिळालं त्यांच्यात दम्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. हे संशोधकांनी लपवलं नाही, आणि यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हेही स्वतःच लिहिलं. घरात दमा आहे का, आईचं दूध किती महिने मिळालं, यांसारख्या महत्त्वाच्या गोष्टी त्यांच्या नोंदींत पुरेशा नव्हत्या. व्हिडिओत एवढा भाग गाळलेला असणार.

यानंतर काय झालं ते बघा. शंका आली तेव्हा ती दाबली गेली नाही, तपासली गेली. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाच्या जन्मापासूनच्या आरोग्याच्या नोंदी जोडलेल्या असतात. तिथे १९९७ ते २०१८ या काळात जन्मलेली १२ लाखांहून जास्त मुलं घेतली. त्या वर्षांत तिथल्या लसी आणि वेळापत्रक बदलत गेल्यामुळे वेगवेगळ्या वर्षी जन्मलेल्या मुलांना ॲल्युमिनियम कमी-जास्त मिळालं होतं. म्हणून तुलना स्वच्छ झाली, लसीला घाबरणारं घर विरुद्ध न घाबरणारं घर असा प्रश्नच उरला नाही. दमा, इसब, ॲलर्जीची सर्दी, अन्नाची ॲलर्जी धरून एकूण ५० आजार तपासले. जास्त ॲल्युमिनियम मिळालेल्या मुलांत दमा आणि ॲलर्जीचे आजार वाढलेले दिसले नाहीत. हा निबंध २०२५ च्या जुलैमध्ये आला. नणंदेला रागावू नका. तिने काळजीपोटीच पाठवलंय. पण हे पुढचंही तिला वाचून दाखवा.

आता तुमचा खरा प्रश्न. दोन वर्षांनी दिले तर चालेल का? नाही चालणार. डांग्या खोकला मोठ्या मुलाला महिना-दोन महिने छळतो, पण तान्ह्या बाळाचा श्वास थांबवू शकतो. सहा महिन्यांखालच्या बाळाला तर कित्येकदा ढासही लागत नाही, ते नुसतंच निळं पडतं. तुमच्या घरी चार वर्षांचा मुलगा आहे, तो बालवाडीतून रोज खोकला घेऊन येणार. धाकटीला दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस मिळाले तर ती या सर्वांत धोक्याच्या काळातून सुखरूप बाहेर पडेल. दोन वर्षं थांबलात तर ज्या वयासाठी लस आहे ते वयच निघून जाईल. रोटाचे थेंब तर वर्षाच्या आत सुरू झाले नाहीत तर सरकारी कार्यक्रमात नंतर देतच नाहीत. आणि डोस पुढे ढकलल्याने इसब किंवा दमा टळतो, असा कोणताही भरवशाचा पुरावा नाही. किंमत मोजाल आणि हाती काहीच येणार नाही.

‘गोवर येऊन गेला की पोर दणकट होतं’ हे वाक्यही तुमच्या घरात कुणी बोललं असेल, आमच्या दवाखान्यात ते मी पुष्कळदा ऐकते. गोवर आलेल्यांना ॲलर्जी कमी होते अशी कल्पना १९९६ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊच्या एका छोट्या अभ्यासाने पुढे आणली. पण तिथल्या १९७९ च्या साथीत जी मुलं गेली ती मोजणीत येणारच नव्हती. फिनलंडमध्ये पाच लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा गोवर होऊन गेलेल्यांत ॲलर्जीचे आजार कमी नव्हे, जास्त निघाले. आणि गोवर मुलाला दणकट करत नाही. आधी झालेल्या आजारांविरुद्ध शरीराने साठवलेली प्रतिकारशक्ती तो बऱ्याच प्रमाणात पुसून टाकतो, हे २०१९ मध्ये स्पष्ट झालं आहे. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ पसरली, मुलं दगावली. त्यांतली बरीचशी लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली होती. ही फार जुनी आणि लांबची गोष्ट नाही.

सासूबाईंशी एकदा निवांत बोला. वाद घालायला नको, विचारायला. त्यांच्या माहेरी, त्यांच्या लहानपणी, घटसर्पाने, डांग्या खोकल्याने किंवा धनुर्वाताने कुणाचं मूल गेलं होतं का, असं विचारा. त्या पिढीतल्या बहुतेक बायकांकडे असं एखादं नाव असतं. तुम्हाला ते आजार नुसते कार्डावर वाचून माहीत आहेत, आणि त्याचं कारण लसीच आहेत. जमलं तर डोसच्या दिवशी त्यांना सोबत घेऊन जा आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच डॉक्टरांपुढे मांडू द्या.

सरकारी की महाग? दोन्हींत डांग्या खोकल्यापासून संरक्षण आहे. सरकारी पेंटात त्या जंतूची पूर्ण पेशी मारून वापरलेली असते, म्हणून ताप, सूज, एक रात्र रडारड जास्त. महागड्या ‘न दुखणाऱ्या’ लसीत फक्त निवडक तुकडे असतात, त्रास कमी. ॲलर्जी टाळायची म्हणून पैसे खर्च करण्याचं मात्र काहीच कारण नाही. उलट ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण पेशीच्या लसीवरून तुकड्यांच्या लसीकडे बदल झाला, त्या काळातल्या मुलांची पाहणी केल्यावर असं दिसलं की अन्नाची ॲलर्जी असलेल्या मुलांत पूर्ण पेशीची लस मिळालेली मुलं कमी होती. हा पक्का पुरावा नाही, मी त्यावर भर देणार नाही. पण सरकारी लस घेताना मनात कमीपणा येऊ देऊ नका. वाचलेले पैसे दुसरीकडे कामाला येतील.

आणि कामाला येण्यासारखं खूप आहे. धाकटीलाही ॲलर्जी होऊ नये म्हणून तुम्ही काहीतरी करू पाहताय, ती इच्छा अगदी बरोबर आहे. फक्त ती लसीकडून काढून जिथे उपयोग होतो तिथे लावा.

सगळ्यात आधी धुरी बंद करा. आपल्याकडे अंघोळीनंतर ओवा, वावडिंग, धूप घालून बाळाला शेगडीवर धरतात. प्रेमाने करतात, पण ज्या बाळाच्या वडिलांना दमा होता त्याच्या श्वासनलिकांना धुराइतकं वाईट काही नाही. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर ती अंगणात नको, उंबऱ्यावर नको, पूर्ण बंद. चूल असेल तर बाळाचा पाळणा त्या खोलीत नको. पावसाळ्यात भिंतींना ओल येत असेल, बुरशी धरत असेल तर लसीच्या चिंतेत घालवलेल्या रात्रींपेक्षा भिंत दुरुस्त करून घेणं जास्त उपयोगी पडेल.

मग त्वचा. डाळीचं पीठ, हळद, साय चोळून अंघोळ घालायची पद्धत या बाळापुरती बाजूला ठेवा. त्वचा कोरडी, लाल, फुटलेली असली आणि तिच्यावर अन्न चोळलं की शरीराची त्या अन्नाशी पहिली ओळख पोटातून होत नाही, जखमेतून होते, आणि तशी ओळख वैराकडे झुकते. ब्रिटनमधल्या मुलांत दाण्याचं तेल असलेली मलमं इसबावर लावल्याचा आणि पुढे दाण्याची ॲलर्जी होण्याचा संबंध २००३ मध्ये दिसला होता. म्हणून शेंगदाणा तेलाने मालिश नको. आधीपासून रोज मलम लावून इसब टळतो का, हेही तिथेच तेराशेहून जास्त बाळांवर तपासलं गेलं आणि तसं काही दिसलं नाही. त्यामुळे महागड्या क्रीमच्या मागे आत्ताच लागू नका. पण चट्टा दिसला तर लगेच दाखवा आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध घाबरून अर्ध्यात सोडू नका.

आणि तिसरं खाणं, जिथे गेल्या काही वर्षांत सगळंच उलटलं. पूर्वी आम्हीच सांगत होतो की ॲलर्जीचं घर असेल तर अंडं-दाणे उशिरा द्या. लंडनमधल्या ज्यू मुलांत इस्रायलमधल्या ज्यू मुलांपेक्षा दाण्याची ॲलर्जी दहापट आहे, असं २००८ मध्ये दिसलं. इस्रायलमधली बाळं पहिल्या वर्षातच दाण्याचा खाऊ खात होती, लंडनमधली नाही. मग लंडनच्या किंग्ज कॉलेजने इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली, निम्म्यांना दाणे खायला दिले, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत टाळायला लावले. २०१५ मध्ये निकाल आला. खाणाऱ्या गटात दाण्याची ॲलर्जी सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी निघाली. आपल्या घरात तर दाण्याचं कूट डब्यात कायम असतं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, आणि वरचं खाणं सुरू झालं की इतर पदार्थांबरोबर अगदी बारीक वाटलेलं कूट खिमटीत मिसळून थोडंसं द्या. अख्खा दाणा किंवा तुकडा मुळीच नको, तो श्वासनलिकेत अडकतो. नीट शिजवलेलं अंडंही असंच, थोडं थोडं, आठवड्यातून दोन-तीनदा. थोरल्याला अंडं सोसत नाही म्हणून धाकटीचं बंद करू नका. फक्त एक अट. तोवर तिलाही जास्त इसब झाला, तर दाणे आणि अंडं सुरू करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

डोसच्या दिवशी केंद्रावरच्या सिस्टरना सांगा की थोरल्याला ॲलर्जी आहे. तेवढ्याने डोस थांबत नाही. भावाची ॲलर्जी, वडिलांचा दमा, साधी सर्दी ही डोस टाळायची कारणं नाहीत. याच लसीच्या आधीच्या डोसनंतर किंवा तिच्यातल्या एखाद्या घटकामुळे जिवावर बेतणारी प्रतिक्रिया आली असेल, तरच तो डोस टळतो. लसीची तीव्र ॲलर्जी होते, नाही असं नाही. अमेरिकेतल्या कोट्यवधी डोसांच्या नोंदींत ती दर दहा लाख डोसांमागे एक-दीड वेळा आढळली. ती बहुतेकदा लगेच दिसते, म्हणून डोसनंतर अर्धा तास केंद्रातच बसा. अंगभर गांधी, ओठ-चेहरा सुजणं, घरघर, बाळ एकदम निपचित पडणं यांतलं काहीही दिसलं तर लगेच आवाज द्या. तिथे ॲड्रेनॅलिन, म्हणजे अशा तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन, ठेवलेलं असतं. घरी आल्यावर ताप आला, मांडी सुजली, गाठ आली तर तो ॲलर्जीचा प्रकार नाही. तापाचं औषध सिस्टर सांगतील त्या मापाने द्या, मांडी चोळू नका. ताप दोन दिवसांपलीकडे गेला, बाळ तासन् तास न थांबता रडलं किंवा झटका आला, तर मात्र थांबू नका, दवाखाना गाठा.

राहिला थोरला. त्याचा बूस्टर द्यायचाच आहे. दमा असलेल्या मुलाला डांग्या खोकला झाला तर त्याचे हाल इतरांपेक्षा जास्त होतात. छाती जोरात घरघरत असेल किंवा अंगात चांगलाच ताप असेल त्या दिवशी नको, बरा झाल्यावर लगेच द्या. घेत असलेल्या औषधांची यादी दाखवा, विशेषतः तोंडाने स्टेरॉइड चालू असेल तर. दरवर्षीची फ्लूची लसही त्याच्यासाठी विचारा. ती सरकारी वेळापत्रकात नाही, मी वाचलेले पैसे म्हटलं ते यासाठी. पहिल्यांदाच देताय म्हणून महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतील, पुढे वर्षाला एक. अंड्याची ॲलर्जी आहे म्हणून फ्लूची लस किंवा गोवराची लस नाकारण्याचे दिवस गेले. दोन्ही अशा मुलांना सुरक्षितपणे देतात. आणि त्याच भेटीत अंड्याच्या ॲलर्जीची पुन्हा तपासणी करायला सांगा. बरीच मुलं शाळेच्या वयापर्यंत त्यातून बाहेर पडतात, काहींना केकमध्ये नीट भाजलेलं अंडं त्याआधीच चालू लागतं. पण ते घरी करून बघू नका. पहिला घास डॉक्टरांच्या समोर.